बाळंतिणीचं कालवण

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भांडुपच्या मासळी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. श्रावण पाळलेला, गणपतीत हात आखडलेला, वर नवरात्राचे उपास. एवढं सगळं सोसून बसलेली कोकणातली माणसं त्या सकाळी पिशव्या घेऊन अशी तुटून पडतात की मासे उद्यापासून मिळायचेच नाहीत. मालन केळुसकर एरवी त्या दिवशी सकाळचा चहासुद्धा उभ्याने पिते. यंदा तिने तो बसून प्यायला, मग दुसरा प्यायला, आणि चहावाल्याने तिसरा पुढे केला तेव्हा त्याच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला की तो कप ओट्यावर ठेवूनच पळाला. बर्फात पापलेट, सुरमई, बांगडे मांडलेले होते आणि समोर चिटपाखरू नव्हतं.

झालं होतं असं. कोकण किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात एक कंपनी तेलासाठी समुद्राचा तळ पोखरत होती. भाद्रपदात तिथे काहीतरी फुटलं. काय फुटलं, किती सांडलं, हे कोणी धड सांगितलं नाही. कंपनीने ‘किरकोळ गळती’ असं कळवलं आणि सरकारने कंपनीने कळवलेलं वाचून दाखवलं. पण डांबराच्या गोळ्यांना कोण समजावणार? ते यायचे तसे आले आणि गोराईच्या वाळूवर पसरले. गोराईची फिलोमिना मालनला वर्षानुवर्षं सुकट पुरवते. तिने फोन केला, तेव्हा मालन बोरिवलीला जाऊन तरीने खाडी ओलांडून मुद्दाम बघायला गेली. परत आली ती चपला तिकडेच टाकून. रॉकेलच्या बोळ्याने टाचा घासता घासता तिने त्या कंपनीला जे काही ऐकवलं ते चाळीच्या खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

इथवर ठीक होतं. डांबर मुंबईच्या किनाऱ्याला नवीन नाही. नंतर आला तो मेसेज. कोणा डॉक्टरच्या नावाने, घोगऱ्या आवाजात. पृथ्वीच्या पोटात खोलवर किरणोत्सारी पदार्थ असतात, इतक्या खोल भोक पाडलं की ते तेलाबरोबर वर येतात, पाण्यात मिसळतात, माशांच्या काट्यात जाऊन बसतात आणि मासे खाणाऱ्याच्या हाडात. पुढची वीस वर्षं समुद्राचा मासा खाऊ नका, लहान मुलांना आणि बाळंतिणींना तर वासही देऊ नका. सगळ्यांना पाठवा.

आणि लोकांनी सगळ्यांना पाठवला. पाठवायला काय जातं?

मालनला हा धंदा सासूकडून मिळाला. सासरा गिरणीत होता. संपात गिरणी बुडाली तेव्हा सासूने कोणाला न विचारता पाटी डोक्यावर घेतली आणि घर तगवलं. मालन वेंगुर्ल्याकडची, मासे धरणाऱ्या गाबिताची पोर, लग्न होऊन आली ती दुसऱ्या आठवड्यात सासूशेजारी ओट्यावर बसली. मासा कापताना तिच्या हातातला कोयता दिसत नाही, नुसता आवाज येतो. गिऱ्हाइकाने भाव फार पाडला तर ती मासा उचलून त्याच्या तोंडाजवळ नेते आणि ‘बघ रे, तुझ्याकडे बघान लाजता तो’ म्हणते. तिचा मासा शिळा निघाला असं आजवर कोणी म्हटलं नाही. म्हणायची कोणाची छाती नव्हती हे खरं, पण तो शिळा नसायचा हेही खरंच.

त्या मालनला आता लोक लांबूनच हात हलवून जात होते. मुलुंडच्या वसुधाबाई गुप्ते तिच्या जुन्या गिऱ्हाईक, सीकेपी बाई, सुरमईचा तुकडा बोटाने दाबून घेणाऱ्या. त्यांचा फोन आला. मालन, राग मानू नकोस गं, मिहिर सध्या नको म्हणतोय, नातवंडं आहेत ना घरात. मिहिर त्यांचा मुलगा. मोठ्या दोन गाड्या आहेत त्याच्या दाराशी. मालन फोनवर बरं म्हणाली, ठेवला, आणि मग शेजारच्या ओट्यावरच्या सुनंदाला म्हणाली की गाडीत पेट्रोल भरताना ह्यांना कधी भीती वाटली नाही ती बांगड्याची वाटते. तेल ह्यांना हवं, भोक ह्यांच्यासाठी पाडलं, आणि विषारी ठरला कोण, तर बिचारा बांगडा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. सुनंदाच्या पापलेटांवर बर्फ वितळून पाणी झालं होतं.

पण बाजारातली भीती ओट्यावर सोडून घरी जाता आलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. मालनच्या घरी बाळंतीण होती.

नवरात्रात सून दीप्तीला मुलगी झाली. मुलाची, राजेशची बायको दीप्ती घाटकोपरला वाढलेली, मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. हुशार मुलगी, बोलायला कमी. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. मालनने मनावर घेतलं होतं की आईची उणीव म्हणून हिला भासू द्यायची नाही. शेक, शेगडी, धुरी, तेल, सगळं तिने स्वतःच्या हाताने केलं. फक्त एक झालं. दीप्तीला दूध पुरेसं येईना. बाळ ओढायचं, रडायचं, दमून झोपायचं आणि पुन्हा रडत उठायचं.

ह्यावर मालनच्या माहेरी-सासरी एकच उपाय, मोरी. न्हाणीघरातली नव्हे, समुद्रातली, शार्कचं पिल्लू. गरम पाण्यात घालून तिची वाळूसारखी कातडी खरवडायची, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात कालवण करायचं आणि बाळंतिणीला वाफाळत्या भाताबरोबर वाढायचं. दूध असं येतं की बाळ ओकून टाकतं. राजेशच्या वेळी सासूने मालनला हेच वाढलं होतं, सासूला तिच्या सासूने. मालनला शाळा फारशी नाही, देवावरही तिचा बेताचाच विश्वास आहे, पण मोरीवर पुरता आहे. दीप्ती घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने कालवण करून ताट पुढे ठेवलं. दीप्तीने ताटाकडे बघितलं आणि हळूच सरकवलं.

“आई, मी नाही खाणार. मी खाल्लं की ते बाळाला जाणार.”

मालन जी भडकली, ती भडकलीच. मेसेज करणाऱ्याच्या आईबापापासून सुरुवात करून ती लॅबमधल्या शिकलेल्या मुलींपर्यंत आली. पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं ते विष होतं का, मी काय माझ्याच नातीला मारायला बसले का, असं बरंच. दीप्तीने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली की तो मेसेज अर्धा खोटा असेल, पण सगळा खोटा नाही, तिने वाचलंय. तेलाबरोबर जे पाणी वर येतं त्यात ते किरणोत्सारी थोडं असतं. किती असतं, इथे किती सांडलं, माशात गेलं की नाही, ते मोजल्याशिवाय कळत नाही. कोणी मोजलेलं सांगा, मी खाते. मालनने ते ताट स्वतः जेवून संपवलं, रागाने, भूक नसताना.

त्या रात्रीच्या जेवणाला नंदूने तोंड उघडलं. नंदू मालनचा नवरा. ऐन उमेदीची वर्षं त्याने समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर ठेकेदाराचा मजूर म्हणून काढली होती, पंधरवडा पाण्यात, पंधरवडा घरी. आता गुडघे गेलेत, घरी टीव्हीसमोर असतो. तो भाताचा घास कालवत म्हणाला की वर आलेल्या जुन्या पायपांना आतून पांढरा खडूसारखा थर बसलेला असायचा, आम्ही तो तारेच्या ब्रशने घासायचो. कधीकधी साहेब एक यंत्र घेऊन यायचा, काही पायपांजवळ ते टकटक करायचं. त्या पायपांना पिवळी पट्टी लावून बाजूला ठेवायचे. साहेबाच्या खिशाला बिल्ला असायचा, किरणं किती लागली ते कळायला. आम्हांला नसायचा. आम्ही त्याच पायपांवर बसून डबा खायचो.

मालनच्या हातातला डाव तसाच राहिला.

“माका कधी सांगलंस नाय ता?”

“तू इचारलंस खंय?” नंदू म्हणाला. “आणि सांगून काय करतलंस? घर त्याच पगारावर चालला.”

डाव भांड्यात आपटून ती उठली. राग कोणाचा धरावा हेच तिला कळेना, आणि मालनसारख्या बाईला राग कुठे ठेवायचा ते कळेनासं झालं की तो घरभर सांडतो. दोन दिवस घरातली भांडी आणि माणसं सारखीच आपटत होती. आतल्या खोलीत बाळ रडत होतं आणि मालन वरच्या दुधाची बाटली उकळून देत होती. एकेका बाटलीला तिला वाटायचं की हार झाली ती आपलीच.

पुढच्या आठवड्यात बाजाराच्या वरच्या हॉलमध्ये सगळ्या मासेवाल्यांना बोलावून कोणीतरी अधिकारी आले. त्यांनी पडद्यावर आलेख दाखवले. काळजीचं कारण नाही, परिस्थिती नियंत्रणात आहे, नमुने तपासायला पाठवले आहेत. मालन उठून उभी राहिली. तिने विचारलं की कसले नमुने, कोणाच्या ओट्यावरून नेले. इथे एवढ्या बसल्या आहेत, कोणाकडून एक मांदेली तरी नेली का? बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोणाकडूनही कोणी काही नेलं नव्हतं. अधिकारी म्हणाले, प्रक्रिया सुरू आहे. अहवाल कधी येणार विचारलं तर म्हणाले, यथावकाश. हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा बाळंतिणीच्या खोलीत भुकेल्या पोरापाशी बसवायला हवं. त्याला यथावकाश दूध आणून द्यावं.

मग बाळा पुढे सरसावला. बाळा म्हणजे वॉर्डातला कार्यकर्ता, पांढरा शर्ट, दोन फोन, अडल्यानडल्याला धावणारा. खोटं कशाला बोला, राजेशच्या पोरीचा जन्मदाखला त्यानेच चटकन काढून दिला होता. मुळात तोही कणकवलीकडचाच. त्याला कल्पना सुचली. मैदानात मोठा कार्यक्रम करायचा, ‘बिनधास्त मासे खा’. त्याच्या पक्षाचे साहेब येणार, चॅनलवाले येणार, साहेब सगळ्यांसमोर पापलेट खाणार. लोकांची भीती चुटकीसरशी जाईल. आणि तळायला कोण? मालनमावशी. तिच्या हातचं खाऊन कोण नाही म्हणेल! मालन खुलली. कितीतरी दिवसांनी कोणीतरी तिच्या बाजूने उभं राहिलं होतं. सुनंदाने आणि तिने मिळून मसाला वाटला, आणि मालनने लग्नातलं हिरवं लुगडं काढलं.

रविवारी सकाळी मैदानात मांडव, स्पीकर, चार शेगड्या. मासे बाळाने बाहेरून मागवले होते, गाडी भरून. तुमच्या ओट्यावरचे घेत नाही, नाहीतर लोक म्हणतील कोणा एकीचा फायदा केला, असं तो म्हणाला आणि मालनला ते पटलंही. तिने पहिला खोका उघडला. मासे डोकी काढून, साफ करून आले होते, पापलेटाच्या आकाराचे. तिने एक हातात घेतला आणि बोटं थांबली. पापलेटाची कातडी हाताला रेशमी लागते. ही जाड होती, आणि पोटाकडे लालसर. तिने वास घेतला. चिखलाचा वास. खोक्याच्या तळाशी एकाचं डोकं चुकून राहिलं होतं. तिने त्याचा जबडा अंगठ्याने उघडला. आत माणसासारखे दात होते.

रुपचंद. तळ्यात पाळतात तो. समुद्राचं पाणी त्याने जन्मात बघितलेलं नसतं.

तिने बाळाला मांडवाच्या मागे बोलावलं. तिला वाटलं, पोराला फसवलं कोणीतरी, पापलेटाच्या भावात रुपचंद गळ्यात मारला. बाळाने डोकं बघितलं, इकडेतिकडे बघितलं आणि ते उचलून पिशवीत टाकलं.

“मावशी, तळल्यावर कोण ओळखणार? साहेबांच्या घरून सांगितलंय, समुद्राचं नको. काही झालं तर माझी वाट लागेल ना. तू टेन्शन नको घेऊ. धंदा तर तुमचाच चालणार आहे.”

आता इथे मालनने तो खोका मैदानात उलटा करायला हवा होता. तिला ओळखणारा कोणीही हेच म्हणेल. स्पीकर चालू होता, माणसं जमली होती, तिच्या आवाजाला माईकही लागला नसता. पण मांडवाच्या दोरीपलीकडे सुनंदा उभी होती, इतर सगळ्या जणी उभ्या होत्या, नटून, केसात फुलं माळून. कित्येक दिवसांत कोणाचा पाव माल खपला नव्हता. त्यांचे चेहरे बघून मालन वळली. तिने तवा ठेवला, रव्यात मासे घोळले आणि तळले. साहेब आले. त्यांनी तुकडा मोडला, तोंडात घातला, मान डोलावली. टाळ्या पडल्या. फोटोवाल्याने मावशी इकडे बघा म्हटलं आणि मावशीने इकडे बघितलं.

सोमवारी बाजाराच्या तोंडाशी बॅनर लागला. साहेबांच्या हातात तुकडा, शेजारी हिरव्या लुगड्यातली मालन, हसणारी. सोमवार असूनही दुपारपासून लोक यायला लागले. बिचकत, विचारत, पण आले. मंगळवारी वसुधाबाईंनी मिहिरच्या ड्रायव्हरला सुरमई न्यायला पाठवलं. सुनंदाने ओटा धुता धुता गाणं म्हटलं. मालनने दिवसभर मासा कापला आणि कोणाशी भांडली नाही. बरं नाही का, असं दोघा-तिघांनी विचारलंही.

त्याच संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दीप्ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. बाळ दुपारभर रडून आत्ता कुठे निजलं होतं.

“आई, फोटो बघितला मी,” ती म्हणाली. “तुम्ही स्वतः तळलेत ना ते पापलेट? बघून घेतले असतील तुम्ही. बाकी कोणाचं नाही, पण तुमचं मी मानते. आज मोरी करा. मी खाते.”

मालन बाजारात परत गेली, मोरी घेऊन आली, गरम पाण्यात घालून खरवडली. खोबरं भाजलं, वाटण वाटलं. घरभर तो वास दरवळला. नंदूने टीव्हीचा आवाज कमी करून आत डोकावलं आणि मंगळवारी मासे काय गे, असं विचारलं. बाळंतिणीक वार नसता, एवढं म्हणून तिने त्याला बाहेर पाठवलं. भात वाढला, वर कालवण वाढलं. दीप्ती पाटावर सरसावून बसली. तिने पहिला घास कालवला.

मालनने तिचं मनगट धरलं.

“खाव नको.”

“का? काय झालं?”

“तो पापलेट नाय होतो. रुपचंद होतो. तळ्यातलो.” मालन म्हणाली. “त्या मेल्यांनी समुद्रातला खाल्ल्यानी नाय. माका ठावक होता. ठावक असान मी तळलंय.”

दीप्तीने घास ताटात ठेवला आणि हात धुवायला उठली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मालनला सोसलं असतं. शिव्यांना उत्तर कसं द्यायचं ते तिला येतं.

खरं सांगायचं तर त्या कालवणात काही होतं की नव्हतं, कोणास ठाऊक. बहुतेक नसेलही. मोरी चांगली, ताजी होती. पण मालनला माहीत नव्हतं आणि ज्यांना माहीत करून घेता आलं असतं त्यांनी घेतलं नव्हतं, घ्यायची गरजही वाटली नव्हती. त्यांच्या ताटात रुपचंद होता. जिने आयुष्यभर दुसऱ्याच्या ताटात मासा छातीठोक वाढला, तिला स्वतःच्या सुनेचा घास अडवावा लागला, हे त्या लोकांनी केलं होतं. डांबर रॉकेलने निघालं होतं. हे कशाने निघणार होतं?

तिने पातेलं उचललं आणि खाली आली. चाळीच्या नळापाशी नेहमीची दोन मांजरं वासाने धावत आली आणि पायात घोटाळू लागली. ती वाकली आणि तशीच थांबली. तिला मांजरांनाही घालवेना. बाजूला नाला होता, त्यात ओतावं म्हटलं तर नाला जातो खाडीला आणि खाडी समुद्राला. मग मात्र तिचं डोकं फिरलं. पातेलं कडेवर घेऊन ती तडक बाळाच्या ऑफिसात गेली.

आत चारपाच जण बसले होते, बाळा फोनवर होता. तिने पातेलं त्याच्या टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं.

“मोरी. समुद्रातली. माझ्या सुनेसाठी केललंय. आधी तू खा.”

बाळाने फोन खाली ठेवला. तो हसला, बाकीच्यांकडे बघितलं, पुन्हा हसला. “मावशी, आज मंगळवार ना. माझा गणपतीचा उपास असतो.”

मालनने मान हलवली. तिने झाकण पुन्हा लावलं, नीट दाबून.

“बरा. तुझो वार आसा तर ऱ्हवांदे. उद्या बुधवार. उद्या ताजी करून आणतंय. आणि त्या साहेबाकपण बोलाव.”

बुधवारी सकाळी ती ओट्यावर गेलीच नाही. मोरी आणली, कालवण केलं आणि पातेलं घेऊन ऑफिसपाशी आली. ऑफिसला कुलूप होतं. ती पायरीवर बसली. भाजीला जाणाऱ्या बायका थांबून विचारायच्या की काय गं मालन, काय आणलंस. ती प्रत्येकीला सगळं सांगायची. रुपचंद सांगायची, दात सांगायची, स्वतः तळला तेही सांगायची. बॅनरकडे बोट दाखवून म्हणायची की ती बाई खोटी आहे, ही बघा खरी. कोणी हसलं, कोणी हळहळलं, कोणी घाईघाईने फोन काढला. दुपारच्या आत अख्ख्या बाजाराला कळलं. सुनंदा आली, तरातरा. तिच्या ओट्यावर पुन्हा माश्या बसल्या होत्या. तिने मालनला सगळ्यांदेखत विचारलं की आता आम्ही खायचं काय. गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं? मालनने खाली बघितलं. सुनंदाचं काही चुकलं नव्हतं.

सुनंदा गेली. ऊन पायरीवर आलं. मालन पदर डोक्यावर घेऊन बसून राहिली, पातेलं शेजारी. कुलूप तसंच होतं.

मग गल्लीच्या टोकाला तिला दीप्ती दिसली. कानाला घट्ट रुमाल बांधलेला, पायात मोजे, बाळ दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलेलं. सव्वा महिना व्हायचा होता. बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नसतो, आणि ही रस्त्याने चालत येत होती.

“घरात जा गो,” मालन ओरडली. “वारो लागात तुका.”

दीप्ती ऐकू न आल्यासारखी पुढे आली. ती दमली होती. कुलपाकडे बघून म्हणाली, “माशांच्या तपासणीचा रिपोर्ट मागायला आलेय मी. रिपोर्ट दिल्याशिवाय मीपण उठत नाही.”

आणि ती खाली बसायला वाकली. मालनने पातेलं उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि तिला जागा करून दिली.